ओळख आणि भरवसा

‘जाणणे’ आणि ‘ओळखणे’ या दोन क्रियापदांमध्ये मराठी भाषेने जो भेद राखला आहे, तो तत्त्वचिंतकाने सहजासहजी दृष्टीआड करू नये. एखाद्या गृहस्थाचे कूळ, व्यवसाय, मिळकत, स्वभाव यांविषयी पुष्कळ काही ठाऊक असूनही ‘त्यांची-आमची ओळख नाही’ असे मनुष्य म्हणतो, आणि त्यात विसंगती आहे असे कोणाला वाटत नाही. उलट, ज्याच्याविषयी फारसे काही सांगता येणार नाही अशा एखाद्या शेजाऱ्यावर घराची किल्ली सोपवून लोक परगावी जातात. माहितीने विधाने सिद्ध होतात. ओळखीने व्यवहार होतो. ईश्वराच्या बाबतीत हा भेद कितपत लागू पडतो, आणि ओळख झाल्याचा दावा करणाऱ्याने त्या ओळखीच्या भरवशावर दुसऱ्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी घ्यावी काय, हा ख्रिस्ती नीतिविचारातील एक जुना प्रश्न आहे. तो व्यासपीठावर जितका सोपा वाटतो तितका स्वयंपाकघरात राहत नाही.

बंगळूर हे शहर या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचे, म्हणजे ईश्वरविषयक ज्ञानाचे, माहेरघर म्हणता येईल. युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज तेथे १९१० मध्ये स्थापन झाले; धर्म आणि समाज यांच्या अभ्यासाला वाहिलेली ख्रिश्चन इन्स्टिट्यूट १९५७ मध्ये आली; कॅथलिक पंथाचीही महाविद्यालये आणि केंद्रे त्या शहरात आहेत. हिब्रू आणि ग्रीक, पंथांचे इतिहास, त्रैक्याच्या सिद्धांतावरील वादविवाद, भारतीय दर्शनांशी तुलना, हे सर्व तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. अशा विद्येला उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु परीक्षेत ईश्वराविषयीच्या सर्व प्रश्नांची उत्तरे अचूक लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या रात्री प्रार्थनेस बसल्यावर समोर कोणी आहे असे न वाटणे शक्य आहे, हे त्या विद्यालयांतील शिक्षकांइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असेल. मद्रासचे पी. चेंचय्या आणि त्यांचे सहविचारी यांनी १९३८ मध्ये ‘रीथिंकिंग ख्रिश्चॅनिटी इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा सिद्धांतांच्या पलीकडे जाऊन ख्रिस्ताच्या प्रत्यक्ष अनुभवाला अग्रस्थान द्यावे हाच चेंचय्यांचा आग्रह होता.

या भेदाची सर्वांत स्पष्ट कबुली मात्र एका मराठी स्त्रीने, त्याहून तीन दशके आधी दिली होती. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळच्या अरण्यात झाला. १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. तिच्यात त्या सांगतात की बाप्तिस्मा घेतल्यावर कित्येक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त गवसलेला नाही. बाप्तिस्मा १८८३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला. ज्याला त्या ‘गवसणे’ म्हणतात तो अनुभव १८९१ च्या सुमाराचा. म्हणजे मधली आठ वर्षे ही बाई ख्रिस्ती होती, विद्वान होती, प्रसिद्ध होती, ‘शारदा सदन’ची संस्थापक होती, आणि तिच्या स्वतःच्या शब्दांवर विश्वास ठेवायचा तर ईश्वराशी तिची ओळख नव्हती.

हे कबूल करणे सोपे नव्हते. धर्मांतरामुळे त्यांनी महाराष्ट्रातील स्नेह गमावले होते, पुण्यात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला होता. एवढी किंमत दिल्यावर ‘जे घेतले ते पुरते हाती आलेच नव्हते’ असे लिहिणे म्हणजे टीकाकारांच्या हाती कोलीत देणे. त्या पहिल्या धर्मांतराची कारणे बौद्धिक आणि नैतिक होती. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्या युक्तिवादाने त्यांची बुद्धी पटली; फुलहॅमच्या आश्रमात पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा पाहून आणि विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून त्यांचे हृदय हलले. ज्या शास्त्रांचा अभ्यास त्यांनी बालपणापासून केला होता त्यांत स्त्रीला आणि शूद्राला जे स्थान दिसले, त्याच्याशी त्यांनी ताडून पाहिले आणि निवड केली. निवड योग्य होती की नाही हा येथील प्रश्न नव्हे. ती निवड होती, एवढे पुरे. निवड पर्यायांमध्ये होत असते. ओळख ही दोन पर्यायांतला एक निवडून होत नाही.

वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ती पत्रे वाचताना एक गोष्ट जाणवते. भगिनी जेराल्डिन यांच्या दृष्टीने श्रद्धा म्हणजे चर्चच्या अधिकाराला शरण जाणे. रमाबाईंच्या दृष्टीने सदसद्विवेकबुद्धीला न पटलेले मान्य करणे हाच अप्रामाणिकपणा. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्यास त्या तयार नव्हत्या. ही बाई पुढे ‘संपूर्ण शरणागती’ची भाषा बोलू लागली तेव्हा अनेकांना तो बुद्धीचा ऱ्हास वाटला. पण जी स्वतःच्या गुरूंना शरण गेली नाही ती कोणालाही शरण जाणारच नाही, असे समजणे चुकीचे आहे. मध्यस्थ नाकारणाऱ्यालाच थेट भेटीची निकड अधिक असते.

येथपर्यंत ‘ओळखी’चा विचार झाला. ‘भरवसा’ हा त्याहून अवघड विषय, कारण भरवशाचा परिणाम एकट्यापुरता राहत नाही. आणि रमाबाईंच्या घराण्याने त्याची किंमत एकदा दिलेली होती.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे असामान्य पुरुष होते. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना उडुपीच्या विद्वत्सभेपुढे उभे राहावे लागले आणि शास्त्राधारांनी त्यांनी आपला पक्ष सिद्ध केला. पुढे मिळकत संपली आणि ते सर्व कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा उरलेसुरले द्रव्य त्यांनी दानधर्मात आणि अनुष्ठानांत वेचले. देव प्रसन्न होईल, काहीतरी करील, या भरवशावर ते राहिले. मोलमजुरी ब्राह्मणाला निषिद्ध, भिक्षा मागणे अभिमानाला निषिद्ध. अखेर अंगात त्राण उरले नाही. मृत्यू समोर दिसू लागला तेव्हा त्या अंध वृद्धाने सर्वांत धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितले की आपण तिला देवाच्या हाती दिले आहे, तिने आयुष्यभर त्याचीच होऊन राहावे व त्याचीच सेवा करावी. वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत. रमाबाई उंचीने लहान, म्हणून त्यांना तिरडीचा आपल्या वाटणीचा भार डोक्यावर वाहावा लागला. मग थोरली बहीण गेली. बंधू श्रीनिवास आणि रमाबाई पायी देश पालथा घालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली.

देवावर भरवसा ठेवून उपाशी मेलेल्या बापाची ही मुलगी. तिने पुढे देवावरच भरवसा ठेवून शेकडो उपाशी मुलींना घरात घ्यावे, याची संगती कशी लावायची? श्रद्धावान वाचक म्हणेल, बापाने चुकीच्या देवांवर भरवसा ठेवला. उत्तर झटपट आहे, आणि झटपट उत्तरांचा जो दोष असतो तो त्यात आहे. दुष्काळात उपाशी मेलेले ख्रिस्ती लोकही होते. त्यांचा देव कोणता चुकीचा होता? संशयवादी वाचक म्हणेल, बापाच्या वेळी अमेरिकेतून मनीऑर्डर येत नव्हती. हे उत्तरही तितकेच झटपट, पण ते अधिक काळजीने तपासले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे.

बोस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ने दहा वर्षे शारदा सदनाचा भार उचलण्याचे वचन दिले होते. १८९६-९७ चा दुष्काळ आला तो नेमका ही मुदत संपत आलेली असताना. मध्य प्रांतातील दुष्काळी भागात रमाबाई गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. असोसिएशनची मदत मर्यादित संख्येच्या उच्चवर्णीय विधवांसाठी होती. या मुलींसाठी कोणाचेही वचन नव्हते. स्वतःचा बालपणीचा दुष्काळ आठवला म्हणून आपण गेलो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर कोणापुढेही हात न पसरता केवळ प्रार्थनेवर अनाथालये चालवितात, हे त्यांनी वाचले होते आणि आपल्या देशातही देवावर असे विसंबता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. तो आता पुस्तकातला राहिला नाही. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या मुलींना शहरात ठेवण्याची परवानगी मिळेना. केडगावला घेतलेली माळजमीन होती. तेथे तात्पुरते निवारे उभे राहिले आणि १८९८ मध्ये ‘मुक्ति सदन’ रीतसर सुरू झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांची दोन वेळची भाकर म्हणजे काय, याचा हिशेब एकत्र कुटुंबातील कोणतीही सुगरण सांगू शकेल. दळण, सरपण, पाणी, धडुती, औषधे. त्यातून दुष्काळाने खंगलेल्या, रोगांनी पोखरलेल्या, पोटभर अन्न मिळाल्यावर ते पचविण्याची ताकद हरपलेल्या मुली. ‘उद्याची चिंता करू नका’ या डोंगरावरील उपदेशाचा अर्थ अशा ठिकाणी दोनच प्रकारे लागू शकतो. एक तर तो बेजबाबदारपणा ठरतो, नाही तर तो काम करणाऱ्या हातांचा कंप थांबविणारी गोष्ट ठरतो.

रमाबाईंच्या बाबतीत तो दुसरा ठरला असे मानण्यास आधार आहे, आणि तो आधार चमत्कारांच्या कथांत नाही. मुक्तीच्या समकालीन वृत्तान्तांत विहिरींचे पाणी आटले नाही, ऐन वेळी देणगी आली, अशा हकीकती पुष्कळ आहेत. ज्याला त्यांवर विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा. विहिरींच्या बाबतीत अधिक बोलकी गोष्ट ही की त्या आधी खणल्या गेल्या होत्या. प्रार्थना करणाऱ्या बाईने माळावर विहिरी पाडल्या, फळबागा लावल्या, शेती केली, माग बसविले, गुरे पाळली, तेलाचा घाणा घातला, छापखाना आणला. मुलींना अक्षरांचे खिळे जुळविण्यापासून भाकरी भाजण्यापर्यंत सारे शिकविले. मिळालेल्या पैशांचे अहवाल छापले. देवाला माहीत आहे म्हणून माणसांना हिशेब देण्याचे कारण नाही, असे त्यांनी मानले नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी वृत्तपत्रात जे पत्र लिहिले, त्याचा गवगवा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत झाला. ईश्वरावर भार टाकलेला मनुष्य सरकारला जाब विचारतो, ही गोष्ट भक्तीच्या रूढ कल्पनेत बसत नाही. म्हणूनच ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता अनंतशास्त्र्यांकडे परत जाता येते. पिता आणि कन्या यांच्या भरवशातील फरक कोणता, हे नीट पाहिले तर तो देवतेच्या नावापेक्षा भरवशाच्या घडणीत अधिक दिसतो. पित्याचा भरवसा विधीवर होता: अमुक अनुष्ठान यथासांग झाले तर अमुक फळ मिळावे. फळ मिळाले नाही तेव्हा विधीत न्यून राहिले असावे, एवढाच निष्कर्ष निघू शकत होता, आणि त्या न्यूनाची भरपाई नव्या विधीने करायची. या चक्रातून बाहेर पडून काम करण्याचा विचार अखेरीस मुलाच्या मनात आला, पण तोवर फार उशीर झाला होता. कन्येचा भरवसा व्यक्तीवर होता. व्यक्तीवर भरवसा ठेवणारा मागतो, वाट पाहतो, ‘नाही’ हे उत्तरही ऐकू शकतो, आणि दरम्यान हातातले काम चालू ठेवतो. (अनंतशास्त्र्यांच्या जीवनात असा दुसरा भरवसा मुळीच नव्हता असे मात्र म्हणवत नाही. मरताना ‘तुला देवाच्या हाती दिले आहे’ असे म्हणणारा मनुष्य विधीची भाषा बोलत नव्हता. ते शब्द आपल्या बाबतीत खरे ठरले असे कन्येने लिहिले, तेव्हा तिनेही बापाच्या देवाला आणि आपल्या देवाला त्या एका वाक्यापुरते वेगळे काढले नाही.)

व्यक्तीवरील भरवशाला एक नैतिक धोका असतो, आणि तोही रमाबाईंच्या चरित्रात आहे. शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, असे आश्वासन देऊन ते सुरू झाले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी १८९३ मध्ये सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की कोणावर सक्ती नाही, पण आपल्या घरात आपण दार लावून प्रार्थना का करावी? राजीनामा देणाऱ्यांच्या बाजूनेही बोलता येते: सर्वस्वी जिच्यावर अवलंबून आहोत त्या आईसमान स्त्रीचे उघडे दार हे निराधार बालविधवेसाठी नुसते उघडे दार नसते. सक्ती नसली तरी ओढ असते, आणि आश्रितावरची ओढ सक्तीपासून किती दूर असते? जिला देवाची ओळख झाली असे वाटते तिने ती ओळख लपविणे हे तिच्या दृष्टीने खोटेपण. आणि जे तिच्या आश्रयाला आहेत त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षण हेही तिचेच कर्तव्य. या दोहोंचा मेळ त्या प्रकरणात पुरता बसला असे म्हणता येत नाही.

भरवशाचा भार दुसऱ्यावर पडतो याचे याहून घरगुती उदाहरण नारायण वामन टिळकांचे. रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने दिलेला ‘नवा करार’ वाचून ते डोंगरावरील प्रवचनाशी थबकले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते कवी होते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. वारकऱ्याला विठ्ठल जसा सखा, तसा टिळकांना ख्रिस्त. ओळखीविषयी त्यांना युक्तिवादाची गरज भासली नाही. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा होती. पगाराची हमी त्यांना देवावरील भरवशाच्या आड येणारी वाटली.

आणि घर कोण चालवीत होते? लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक विनोदासाठी वाचले जाते, ते योग्यच आहे. पण त्या विनोदाच्या तळाशी पाहिले तर हाती आलेला पैसा वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन मोकळ्या होणाऱ्या साधूची बायको दिसते. मीठ-पीठ-तेलाची तजवीज तिलाच करावी लागते. उद्याची चिंता न करण्याचे व्रत नवऱ्याने घेतले, तेव्हा ती चिंता नाहीशी झाली नाही. ती उंबरठ्याच्या आत गेली. टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, सोवळेओवळे सांभाळीत, आप्तांच्या घरी. परत आल्या त्याही स्वतःच्या अटींवर. जातिभेदाचे निरर्थकपण त्यांना उमगले ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अशा स्त्रीच्या श्रद्धेला नवऱ्याच्या श्रद्धेची सावली समजणे हा मोठा अन्याय होईल. टिळकांचा भरवसा पक्ष्यासारखा. लक्ष्मीबाईंचा भरवसा घरट्यातील काड्या मोजणाऱ्याचा. उद्याची भाकर येईल यावर तिचाही विश्वास होता, पण पीठ मळायला कोणीतरी उठले पाहिजे हेही तिला ठाऊक होते. ज्यांनी हा प्रश्न प्रवचनांतून मांडला त्यांपैकी बहुतेकांनी पहिल्या प्रकाराचे गुणगान केले आहे, याचे एक कारण हे असू शकेल की त्यांच्याही घरी पीठ दुसरेच कोणी मळत होते.

टिळक १९१९ च्या मे महिन्यात वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्या बाईने त्यांच्या कवित्वाची आणि साधुत्वाची झळ जन्मभर सोसली, तिनेच पुढचे अध्याय रचून ते पुरे केले.

रमाबाईंची अखेरची वर्षेही अशाच एका अपुऱ्या ग्रंथाशी बांधलेली होती. पूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. काशीच्या पंडितांना लाजवील असे ज्यांचे संस्कृत, त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द जाणूनबुजून वगळले. माळावर काम करणाऱ्या अडाणी बाईला वाचून कळावे, एवढीच कसोटी ठेवली. कानांनी ऐकू येणे पुष्कळ कमी झाले होते. १९२१ च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमा मिरजेला वारली. मुक्तीचा कारभार तिच्या हाती जायचा होता. गुलबर्ग्याची शाळा तिने सांभाळली होती. ज्या देवाशी आपली ओळख आहे असे तीस वर्षे सांगितले, त्याने हे का होऊ दिले, या प्रश्नावर रमाबाईंनी ग्रंथ लिहिला नाही. मुद्रितांचे गठ्ठे छापखान्यातून येत राहिले, मुक्तीच्या मुली खिळे जुळवीत राहिल्या, आणि त्या तपासत राहिल्या. १९२२ च्या एप्रिलच्या पाचव्या तारखेस त्यांचे निधन झाले, तेव्हा ते भाषांतर पुरे झालेले होते. दोन वर्षांनी ते केडगावच्याच छापखान्यातून छापून बाहेर पडले.